पहिली टाळी

सभागृहात पहिली टाळी वाजवणाऱ्या माणसाबद्दल मला भारी आदर आहे. वक्त्याचं बोलणं संपलं, की तो नुसता पाणी प्यायला थांबलाय, हे पाचशे माणसांना मिळून ठरवता येत नाही. कुणीतरी एक धीट माणूस ठरवतो आणि बाकीच्यांचे हात आपोआप चालू लागतात.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली याचा पाठपुरावा केला. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना भाषणं ऐकवली आणि कोण कधी टाळ्या वाजवतो, कधी थांबतो, ते चित्रित केलं. शेजारचा काय करतोय यापेक्षा खोलीत एकूण आवाज किती आहे, यावर माणसाचे हात हलतात, असं दिसलं. थांबायचं तेही तसंच, बाकीचे थांबले म्हणून. आणि टाळ्या किती वेळ चालल्या याचा भाषण चांगलं होतं की नाही याच्याशी फारसा संबंध नव्हता. समारंभांना नेमाने जाणाऱ्यांना हे सांगायला स्वीडनची गरज नव्हती, पण असो.

पॅरिसच्या ऑपेराने एकोणिसाव्या शतकात याचा चक्क धंदा केला होता. ‘क्लाक’ नावाची भाडोत्री टोळी प्रेक्षकांत पेरलेली असायची. त्यात टाळ्या वाजवणारे वेगळे, हसणारे वेगळे, रुमाल डोळ्यांना लावणाऱ्या बायका वेगळ्या आणि ‘पुन्हा, पुन्हा’ ओरडणारेही वेगळे. पैसे देऊन तिकीट काढलेला रसिक त्यांच्या सुरात सूर मिसळायचा आणि घरी जाऊन सांगायचा, काय रंगला हो प्रयोग! आपल्या संगीत नाटकांतल्या वन्समोअरमागे असं कुणी बसवलेलं असायचं का, हा प्रश्न जाणत्यांसाठी सोडतो. एकट्या प्रेक्षकाला मात्र वन्समोअर मागायला अवघडच गेलं असतं.

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत मामला आणखी नाजूक. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, त्यामुळे तिथले श्रोते मुरलेले. पुढे भारतीय बैठकीत एखादे काका डोळे मिटून बसलेले असतात. उजवा तळवा मांडीवर. सोळा मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, तीनतालाच्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला तो हलकेच पडतो, नवव्या मात्रेला, म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’ला, उताणा होतो. नीट पाहिलं तर आसपासचे दहा-बारा तळवे त्याच वेळी उताणे होताना दिसतात. त्यातला एखादा अर्ध्या मात्रेने मागे असतो. तो शेजाऱ्यांचं बघून वळतो. खरी कसोटी तिहाईला. तोच तुकडा तीनदा येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडायचा असतो. नवखा श्रोता दुसऱ्या वेळेलाच टाळी देऊन मोकळा होतो, आणि काका डोळे न उघडता किंचित भुवई वर करतात. पुढचे दोन तास तो श्रोता मांडीखाली हात घालून बसतो. एवढा धाक हेडमास्तरांचाही नसतो.

तीच मैफल घरी हेडफोन लावून ऐका. तोच गायक, तीच सम. तोंडातून ‘वा’ निघालाच तर अर्धवट निघतो, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून आपण मागे वळून पाहतो. दाद द्यायलाही सोबत लागते. मैफलीत न कळलेल्या जागेलासुद्धा माझी मान डुलते आणि ती खोटी डुलते असं मी म्हणणार नाही. शेजारच्याला कळलं त्यातलं थोडं माझ्यापर्यंत पोचतंच.

हल्ली मात्र दर कार्यक्रमाच्या शेवटी उभं राहून टाळ्या वाजवायची टूम निघाली आहे, तिचं मला कौतुक नाही. पहिल्या रांगेतले पाहुणे उठतात. दुसऱ्या रांगेला समोरचं दिसेनासं होतं, म्हणून ती उठते. असं होत होत बाल्कनी उभी राहते. तिथल्या निम्म्या लोकांच्या हातात एव्हाना स्कूटरची किल्ली असते, त्यामुळे टाळी नीट वाजत नाही. रंगमंचावर कलाकार हात जोडून भारावलेला, आणि बाल्कनीतून कुणीतरी हळूच म्हणतं, “चला, उठलोच आहोत तर निघूया, पार्किंगात गर्दी होईल.”