तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टचित्राला इतके दिवस का लागतात?

पट्टचित्र म्हणजे खळ देऊन तयार केलेल्या कापडावर, म्हणजे पटावर, काढलेलं चित्र. ओडिशातलं रघुराजपूर हे अशा चित्रकारांचं गाव पाहून आलेले लोक हमखास विचारतात, वीतभर चित्राला चित्रकार इतके दिवस का लावतात? कारण रंगवण्याआधीचं कामच मोठं असतं, आणि चित्र टिकतं तेही त्याच कामावर.

पटासाठी जुनं, मऊ झालेलं सुती लुगडं उत्तम. नव्या कापडाला कांजी असते, त्यामुळे खळ आत मुरत नाही. ते आधी धुऊन काढावं लागतं. खळ चिंचोक्यांची. चिंचोके दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे आणि पाण्यात मंद आचेवर ढवळत चिकट होईपर्यंत शिजवायचे. आपल्याकडे घोंगडीला देतात तीच ही खळ. तिने कापडाचे दोन थर एकमेकांवर चिकटवायचे. मध्ये हवा राहिली तर तिथे फुगा येतो आणि पुढे नेमका तिथलाच रंग उडतो. थर वाळले की खडूची पूड खळीत कालवून तिचे दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. खळ कमी पडली तर पूड बोटाला लागते, जास्त झाली तर पट गुंडाळताना तडकतो. हे प्रमाण हातालाच कळतं. मग आधी खरखरीत, नंतर गुळगुळीत दगडाने घोटाई. पट चामड्यासारखा तुळतुळीत झाला नाही तर बारीक रेघ फुटते. बहुतेक घरांत खळ, पट आणि रंग भरण्याचं काम बायका करतात. चित्राखाली मात्र क्वचितच त्यांचं नाव असतं, ते असायला हवं.

पांढरा रंग शंखाच्या पुडीचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा (ही दोन्ही खनिजं), काळा दिव्याच्या काजळीचा. त्यात कवठाच्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवून घालतात. डिंक जास्त झाला की रंगाचे पापुद्रे सुटतात. शंख जाडसर राहिला तर कुंचला अडखळतो, म्हणून तो कितीही वाटला तरी थोडाच. हिंगुळात पारा आणि हरताळात सोमल असतो, त्यामुळे टोक काढायला कुंचला ओठांत धरणं धोक्याचं आहे. आता बरेच जण बाजारातले तयार रंग वापरतात. त्यात मला गैर वाटत नाही, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

आखणी चौकटीपासून सुरू होते. मग अंगाचे रंग, वस्त्रं, दागिने. काळी रेघ शेवटी. आधीचं सगळं काम ही रेघ उजळते किंवा घालवते. जाड-बारीक होत जाणारी ही रेघ एका दमात ओढायची असते, हात थांबला की तिथे गाठ दिसते.

चित्रकाराच्या वर्षातलं मानाचं काम म्हणजे अणसर पट्टी. ज्येष्ठ पौर्णिमेला पुरीच्या मंदिरात 108 घागरींनी स्नान झालं की देव आजारी पडतात आणि रथयात्रेआधीचा पंधरवडा दर्शन बंद असतं. त्या दिवसांत जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांच्या जागी तीन पट पुजले जातात. ते रंगवणारे चित्रकार या काळात व्रतस्थ राहतात. याच पंधरवड्यात आपल्याकडे देहू-आळंदीहून पालख्या निघतात. बाजारासाठीचं चित्र चार दिवस पुढे ढकलता येतं, अणसर पट्टीचं काम नाही.

पट विकत घेतलात तर ओल्या फडक्याने पुसू नका. खळ आणि डिंक दोन्ही पाण्यात सुटतात. घडी घालू नका. गुंडाळायचाच झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळा. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, कारण खळीवर बुरशी लवकर धरते. टांगलाच असेल तर चौकटीच्या मागे बोटभर जागा मोकळी राहू द्या.