एका रिकाम्या खोक्यासाठी?

"मॅडम, आंब्याच्या एका रिकाम्या खोक्यावरून तुम्ही न्यायाधीशांची तक्रार केलीत म्हणे. काय मिळवलंत?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, वकिलांच्या बार रूममध्ये विचारतात, कणकवलीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले, तेव्हापासून प्रश्नाला पुरवणी लागली आहे: "आता हायकोर्ट जवळ आलं, परत काढणार का ते प्रकरण?" तोंडी उत्तरं देऊन मी थकले. प्रत्येक वेळी अर्धंच सांगून होतं आणि समोरचा "जाऊ द्या हो" म्हणून विषय बदलतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

इथे आंबा देणं म्हणजे लाच नव्हे, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी बागायतदाराच्या घरची आहे. वडील दर हंगामात डॉक्टरांना, मास्तरांना, बँकेच्या साहेबांना पेटी पाठवत आणि त्यात कसलाही हिशेब नसे. पण न्यायाधीश त्या यादीत कधीच नव्हते. ७ मे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमं स्वीकारली. कुटुंबीय, जवळचे नातलग आणि मित्र सोडून कुणाकडूनही भेट किंवा पाहुणचार घेऊ नये, हे त्यातलंच एक. तालुक्याच्या न्यायाधीशांना तर १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमच लागू आहेत आणि त्यांच्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. म्हणजे मी पदरचा कुठलाही नियम काढलेला नाही. अडचण एवढीच, की तालुक्याच्या गावात बदलून आलेल्या साहेबांचे मित्र कोण? ज्यांची ओळख होते त्यातल्या निम्म्यांचा कसला ना कसला दावा त्याच इमारतीत चालू असतो. आमच्याकडे गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, दावे आहेत, पाणंदीवरून आहेत, सातबारावरच्या ढीगभर नावांवरून आहेत.

माझी अशील विधवा बाई. आंब्याच्या कलमांच्या सामाईक बागेतला नवऱ्याचा हिस्सा मागत होती, दावा दिरावर. दीर मोठा व्यापारी, स्वतःच्या नावाने आंबा पॅक करून मुंबई-पुण्याला पाठवणारा. वर्षानुवर्षं तारखा पडून शेवटी बाईंचा उलटतपास लागला, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. आदल्या दिवशी त्या माझ्या ऑफिसात दुपारभर बसल्या होत्या. कुठलं कलम नवऱ्याने लावलं, विहिरीकडचा गडगा कोणी घातला, कोणत्या वर्षी दिराने कुलूप लावलं, सगळं त्यांना पाठ होतं. पाठ म्हणजे मी पढवलेलं नव्हे. त्या बागेत त्यांनी आयुष्य काढलं होतं.

कोर्ट सुरू झालं. आमच्या आधीचं प्रकरण चालू असताना पट्टेवाला चेंबरमधून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला आणि त्याने ते डायसच्या खाली, लघुलेखकाच्या टेबलाशेजारी ठेवलं. आत जुन्या किरकोळ अर्जांचे गठ्ठे होते. खोक्याच्या बाजूला पिवळाधमक आंबा छापलेला, त्यावर 'अस्सल देवगड हापूस', खाली बागायतदाराचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर. कडेला पेंढ्याच्या दोन काड्या अडकलेल्या होत्या. माझं लक्ष फाइलमध्ये होतं. बाईंनी माझा पदर ओढला.

"बाय, त्या खोक्यार नाव कोणाचा हा, वाच."

त्यांचं शिक्षण तिसरीपर्यंतचं. पण स्वतःचं आडनाव माणूस कसंही वाचतोच. नाव त्यांच्या दिराचं होतं. मी म्हटलं, "काकी, ही खोकी बाजारात कुठेही मिळतात, तिकडे बघू नका." तेवढ्यात पुकारा झाला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, सोपा, बाग कोणत्या गावात आहे. बाई म्हणाल्या, "आठवत नाय." मग गडगा, मग विहीर, मग नवरा कधी वारला. सगळ्याला तेच. त्यांची नजर एकदाही वर गेली नाही, ती खोक्यावरच होती. न्यायाधीशांनी लेखन थांबवलं आणि फार मायेने म्हणाले, "आजी, घाबरू नका, पाणी प्या, सावकाश सांगा." पट्टेवाल्याने पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "आठवत नाय." समोरच्या वकिलांनी तपास आवरता घेतला, त्यांना आणखी काही लागतच नव्हतं. मी फेरतपासात जे सावरता येईल ते सावरायला गेले, पण ज्या बाईने बोलायचंच नाही असं ठरवलंय, तिच्याकडून वकील काय वदवून घेणार?

बाहेर व्हरांड्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "मगे आता मी हंय कित्याक येव?" मग आता मी इथे कशाला येऊ?

सुट्टीनंतर तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल झाली. विहिरीकडचा भाग त्यांनी सोडला, रस्त्याकडचा कातळाचा तुकडा आणि थोडी रक्कम घेतली. मी नको नको म्हणत होते. सही त्यांची होती.

तक्रार मी त्यानंतर केली. अधीनस्थ न्यायाधीशांविरुद्धची तक्रार प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा असल्याशिवाय घेऊ नये, असं २०१४ साली सरन्यायाधीशांनी सगळ्या उच्च न्यायालयांना कळवलेलं आहे. मला ते मान्य आहे. निनावी अर्जांनी कितीतरी सरळ न्यायाधीशांना छळलं आहे, हरलेला पक्षकार काहीही लिहितो. म्हणून मी शपथेवर लिहिलं आणि पाहिलं तेवढंच लिहिलं: हे खोकं, हे नाव, हा दावा, ही तारीख. ते चेंबरमध्ये कसं आलं मला माहीत नाही, विकतही घेतलेलं असू शकतं, हेही त्याच प्रतिज्ञापत्रात आहे. चौकशी करा, एवढीच विनंती होती. बऱ्याच काळाने एका ओळीचं उत्तर आलं: तक्रार दप्तरी दाखल. म्हणजे पुढे काही न करता फाइल बंद. मला कुणी काही विचारलं नाही.

आता तुमचे आक्षेप.

ज्येष्ठ वकील म्हणतात, जिल्हा न्यायाधीशांच्या कानावर घालायचं होतं, लेखी कशाला? ते १९९५ चा दाखला देतात. परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनावरून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती भट्टाचार्जी यांच्याविरुद्ध वकील संघटनांनी ठराव केले, त्यांनी राजीनामा दिला, आणि तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठराव करून दबाव आणू नका, मुख्य न्यायमूर्तींच्या निदर्शनास आणा. बरोबर आहे. मी ठराव केला नाही, पत्रकारांना बोलावलं नाही. निदर्शनासच आणलं, पण कागदावर. कानावर घातलेल्या गोष्टीला आवक क्रमांक नसतो.

दुसरे विचारतात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग का करून घेतला नाहीत? कारण अशील तयार नव्हती. दुसरं कोर्ट म्हणजे दुसरा तालुका, दोन गाड्या बदलून जायचं, आणि तिच्या मनात तोवर सगळी कोर्टं एकच झाली होती.

तिसरा आक्षेप मला खरंच लागतो. "वरच्यांना कोणी हात लावत नाही, तुम्ही सापडला तो लहान माणूस धरलात." उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात, मग समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्यायमूर्ती रामस्वामींच्या बाबतीत समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध मानले, तरी १९९३ साली लोकसभेत १९६ मतं बाजूने पडली, २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला. आजवर या मार्गाने एकही न्यायाधीश पदावरून काढला गेलेला नाही. खालच्या न्यायाधीशाला हे कवच नाही, हे खरं. पण त्या बाईंच्या आयुष्यात सर्वोच्च न्यायालय कधी येणारच नव्हतं. त्यांचं न्यायालय ती एकच खोली होती.

आणि मी कुणाचं वाटोळं केलं, हेही खरं नाही. साहेबांची बदली नेहमीच्या क्रमाने झाली. ते अभ्यासू होते, निकालपत्रं नेटकी लिहीत. त्यांच्या गोपनीय अहवालावर शेरा आला असं काही जण कुजबुजतात. आला असेल तर त्यांच्यावर अन्यायच झाला, कारण खुलासा करायची उघड संधी त्यांनाही मिळाली नाही. दप्तरी दाखल या दोन शब्दांनी त्यांना दोषीही ठरवलं नाही आणि निर्दोषही नाही. २००८ साली चंदीगडला एका न्यायमूर्तींच्या दारात १५ लाख रुपये येऊन पडले, तेव्हा त्यांनी स्वतःच पोलिसांना बोलावलं. रक्कम सारख्या नावाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींसाठी होती असा आरोप झाला, खटला चालला आणि २०२५ मध्ये त्या दुसऱ्या न्यायमूर्ती निर्दोष सुटल्या. वर्षं फार गेली, पण उत्तर जाहीर झालं. आरोप झालेल्या माणसाचाही त्यावर हक्क असतो.

तक्रार केली तेव्हा मी मैत्रिणींना सांगत असे की आंब्यांमुळे निकाल फिरला असता. आज तसं म्हणणार नाही. निकाल लागलाच नाही, आणि कदाचित तो आमच्याच बाजूने लागला असता. आता माझं म्हणणं वेगळं आहे: नुकसान झालं ते साक्षीच्या पिंजऱ्यात. एका पक्षाचं नाव न्यायाधीशाच्या खोलीतून बाहेर आलेलं दुसऱ्या पक्षाने पाहिलं, तिथेच. मग एक ज्युनिअर मला विचारतो, खोकं खरोखर बाजारातून आलं असेल तर नुकसान तेवढंच झालं, पण गैरवर्तन कोणाचं? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच वाटतं, की जिथे गावातला प्रत्येक दुसरा माणूस पक्षकार आहे, तिथे चेंबरमध्ये काय येतं याची नोंदवही असावी आणि परत पाठवलेल्या पेटीचीही त्यात नोंद व्हावी. तक्रारदाराला निदान काय तपासलं ते कळावं.

कोल्हापूरचं विचाराल तर, परत काढणार नाही. त्या बाईंनी नको म्हणून सांगितलंय. पहिली तक्रारही मी त्यांना न विचारता केली होती आणि गावात बोलणी त्यांनी खाल्ली. उद्या दुसऱ्या कुणा अशिलाने असंच काही दाखवलं तर प्रतिज्ञापत्र पुन्हा करीन. तिला आधी विचारायचं की नाही, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारलं तर ती भीतीने नाही म्हणणार, आणि न विचारता केलं तर भोगायचं तिनेच.