कौलावरचं साल

आमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, जिल्हा परिषदेची शाळा कधीची? छातीठोक उत्तर येतं, १८६५ ची. 'कौलावरच लिहिलंय की साहेब!'

लिहिलंय खरं. पण ते साल शाळेचं नाही, मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याचं. कारखाना १८६५ ला निघाला आणि पुढेही कौलांवर तेच साल उमटत राहिलं.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. शाळेची इमारत एका सालाची क्वचितच असते, हे नोकरीतच कळलं. आमच्या शाळेतली मधली दगडी खोली जिल्हा लोकल बोर्डाच्या काळातली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. पूर्वेची खोली खडू-फळा मोहिमेतली. १९८७ ला सुरू झालेल्या या केंद्राच्या योजनेत प्रत्येक प्राथमिक शाळेला बारमाही वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचे होते. रस्त्याकडेच्या खोल्या सर्व शिक्षा अभियानातल्या, त्यांचं काही विशेष नाही.

मला लोभ दगडी खोलीचा. चुन्यातलं बांधकाम, छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर कौलं. एक कौल फुटलं तर एकच बदलायचं. मृगाच्या आधी शाकारणी केली, म्हणजे कौलं नीट बसवून घेतली, की पावसाळा निभावतो. स्लॅबचं तसं नाही. बारीक चीर पडली की पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. पूर्वेच्या खोलीत आज तेच चाललंय. हातोडीनं ठोकलं की भद्द आवाज येतो, आणि त्याखाली पहिलीची पोरं बसतात.

आता निर्लेखनाची, म्हणजे इमारत कागदोपत्री बाद ठरवून पाडण्याची, चर्चा सुरू झाली आहे. 'जुनी इमारत' म्हटलं की सगळ्यांची बोटं आधी दगडी खोलीकडेच वळतात, कारण तिचं साल म्हणे १८६५! माझं म्हणणं एवढंच, खोलीनिहाय तपासणी करा. पूर्वेची खोली आजच रिकामी करा, प्रस्तावाची वाट बघू नका. दगडी खोलीच्या कैच्यांना वाळवी लागली असेल तर तीही खुशाल पाडा. पण आधी कोणीतरी शिडी लावून वर चढा.