तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझवर रात्रीच्या जेवणाला अजून नटतात का?

क्रूझचं बुकिंग झालं की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो: "तिथे डिनरला सूट लागतो म्हणे. नसला तर जेवायला घेत नाहीत का?" विचारणारे बहुधा मुलाकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा असतात आणि मुलाने परस्पर कॅरिबियनची सात रात्रींची फेरी ठरवून टाकलेली असते. नाहीतर सिंगापूरहून तीन-चार रात्रींसाठी निघालेलं कुटुंब असतं. डोळ्यासमोर जुन्या बोटींचं चित्र असतं: झुंबर, बो-टाय, हातमोजे घातलेला वेटर.

तर नटतात. पण सगळे नाही, रोज नाही, आणि सगळ्या जहाजांवर तर नाहीच. 'क्रूझवर काय घालायचं' असं विचारलंत तर उत्तर कुणालाच देता येणार नाही. कोणतं जहाज, कितवी रात्र आणि त्या रात्री तुम्ही कुठल्या खोलीत बसून जेवणार, एवढं सांगितलंत तर मात्र नेमकं सांगता येतं.

एका टोकाला क्युनार्ड ही क्रूझ कंपनी. त्यांचं 'क्वीन मेरी 2' हे जहाज 2004 पासून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असं अटलांटिक ओलांडतं, बहुधा सात रात्रींत. त्यांतल्या साधारण दोन रात्री 'गाला इव्हिनिंग' असतात. त्या रात्री संध्याकाळी सहानंतर मुख्य रेस्टॉरंट, थिएटर, बॉलरूम आणि बहुतेक बारमध्ये पुरुषांना डिनर जॅकेट (म्हणजेच टक्सिडो) किंवा गडद सूट, गळ्याला बो किंवा टाय. बायकांना लांब गाऊन किंवा तोलामोलाचा पोशाख. आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो, स्कॉटलंडचे लोक खुशाल किल्ट घालून येतात. गाला रात्रींना अनेकदा विषय असतो: ब्लॅक अँड व्हाइट, मास्करेड म्हणजे मुखवट्यांची रात्र, रेड अँड गोल्ड. इथे लोक खरोखर नटतात, कारण नटायला मिळतं म्हणूनच बरेच लोक हे जहाज निवडतात. न्यूयॉर्कच्या दिशेने जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे बॉलरूममध्ये उशिरापर्यंत रेंगाळलं तरी झोप बुडत नाही. उलट दिशेला तोच तास भर दुपारी कापला जातो.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन ही कंपनी. त्यांनी 2000 साली 'फ्रीस्टाइल' आणलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सक्तीचा पोशाख नाही. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल नाइटच नसते. व्हर्जिनवर एक रात्र लाल कपड्यांची असते, पण ती मजेची. मधली गर्दी मोठी आहे. सेलिब्रिटी या कंपनीने 2015 मध्ये 'फॉर्मल' हा शब्द काढून 'इव्हिनिंग शिक' केलं. तिथे न फाटलेली जीन्स आणि कॉलरचा शर्ट चालून जातो. कार्निव्हलच्या 'एलिगंट' रात्री चांगली पँट आणि शर्ट पुरतो, सूट ऐच्छिक. प्रिन्सेस आणि रॉयल कॅरिबियनवर फॉर्मल रात्री अजून आहेत, पण जेवणाच्या दालनात नजर फिरवलीत तर एका टेबलावर टक्सिडो, शेजारच्या टेबलावर चुरगळलेला पोलो शर्ट, आणि दोघांनाही त्याचं काही नाही. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियावर तर टायचा विचारच सोडून द्या. हळदीला जाल तसे जा.

आता मुख्य मुद्दा. हा नियम पूर्ण जहाजाला लागू नसतो, खोलीला असतो. फॉर्मल रात्रीसुद्धा वरच्या डेकवरचा बुफे चालू असतो आणि तिथे तुम्हाला कुणी काही विचारत नाही. क्युनार्डवरही किंग्ज कोर्ट हा बुफे, गोल्डन लायन हा पब आणि कॅसिनो अशा काही जागा न नटणाऱ्यांसाठी मोकळ्या असतात. म्हणजे उपाशी कुणी राहत नाही. अडवतात ते मेन डायनिंग रूमच्या दाराशी आणि तेही ठरावीक गोष्टींसाठी: हाफ पँट, बिनबाह्यांचा गंजी, पोहण्याचे कपडे, रबरी स्लीपर, बेसबॉलची टोपी. टाय नाही म्हणून परत पाठवणं क्युनार्ड सोडल्यास विरळाच. दारातला मेत्र द'होटेल, म्हणजे त्या दालनाचा प्रमुख, आवाज न चढवता 'केबिनमध्ये जाऊन बदलून या, टेबल राखून ठेवतो' म्हणतो. काही जहाजांवर उसनं जॅकेट देतात, पण ते तुमच्या मापाचं असेलच असं नाही.

कितवी रात्र, याचं गणितही समजून घ्या. सर्वसाधारणपणे तीन-चार रात्रींच्या फेरीत एखादी किंवा एकही नाही, पाच-सहा रात्रींत एक, सात ते तेरा रात्रींत दोन, चौदा आणि त्यापुढे तीन. पहिली आणि शेवटची रात्र यात सहसा येत नाही, कारण सामान. पहिल्या दिवशी तुमची मोठी बॅग बंदरावर हमाल घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला कधीकधी रात्रीचे आठ वाजतात. शेवटच्या रात्री तीच बॅग मध्यरात्रीच्या आत बाहेर ठेवायची असते. बोटींच्या काळातही हेच होतं. तेव्हा ट्रंकांवर 'प्रवासात लागेल' आणि 'प्रवासात लागणार नाही' अशा चिठ्ठ्या चिकटवत आणि पहिल्या संध्याकाळी कुणी बदलून येईल अशी अपेक्षाच नसे. फॉर्मल रात्र बहुधा बंदर नसलेल्या दिवशी ठेवतात, कारण दिवसभर किनाऱ्यावर उन्हात फिरून आलेला माणूस सहा वाजता बो बांधायला तयार होत नाही. तुमच्या फेरीतल्या रात्री कंपनीच्या ॲपवर किंवा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात दिसतात. निघण्यापूर्वीच विचारून घेतलेलं बरं.

प्रथा आटली का? आटली. जहाजापर्यंत विमानाने जायचं म्हणजे 23 किलोची बॅग, आणि दोन रात्रींसाठी त्यातले तीन-चार किलो सूट-बुटांना कोण देईल? फेऱ्या आखूड झाल्या, मुलंबाळं घेऊन येणारी कुटुंबं वाढली, वेगळे पैसे भरून जेवायची रेस्टॉरंटं निघाली. तरी कंपन्या ही रात्र पूर्ण सोडत नाहीत, त्यामागे धंदाही आहे. त्या संध्याकाळी जिन्याशी, लॉबीत, जागोजागी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. आयुष्यात एरवी टाय न लावणारा नवरा टाय लावून उभा आहे म्हटल्यावर बायको तो फोटो विकत घेतेच. फोटो काढायला पैसे पडत नाहीत, छापील प्रत घेतलीत तरच पडतात. तेव्हा हवे तितके काढून घ्या आणि एखादाच घ्या.

पुरुषांसाठी माझा सल्ला: टक्सिडो विकत घेऊ नका. रिसेप्शनचा काळा किंवा गडद निळा सूट, पांढरा शर्ट आणि साधा टाय क्युनार्डच्या गालालाही पुरतो. सूट महिनाभर आधी घालून पाहा. पँट कमरेत घट्ट झाली असेल तर मागच्या शिवणीत बहुधा इंचभर कापड राखलेलं असतं, शिंपी सैल करून देतो. कोट मात्र फारसा सैल होत नाही. टक्सिडो असलाच तर त्यावर पट्टा लावायचा नाही आणि कमरबंदाच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतील असा बांधायचा. कफलिंकचा शर्ट नेताय तर कफलिंक आधी बॅगेत टाका, कारण त्या बाह्यांना बटणच नसतं आणि संध्याकाळी साडेपाचला जहाजावरच्या दुकानात मिळतील ते महागच. काळे मोजे लोक सगळ्यात जास्त विसरतात.

सूट नकोच असेल तर बंदगळा. काळा किंवा गर्द निळा जोधपुरी कोट, खाली त्याच रंगाची पँट, बंद बूट. टायची कटकट नाही आणि दारात कुणी बोट ठेवणार नाही. शेरवानी चालेल, पण जड आहे आणि खुर्चीत दोन तास बसल्यावर गळ्याशी काचते. नुसता कुर्ता-पायजमा आणि कोल्हापुरी चप्पल कंपनीगणिक चालेल किंवा अडेल. चप्पल उघडी म्हणून अडते, शिवाय कातडी तळ ओल्या डेकवर सरकतो.

बायकांना तर काही नवीन घ्यायचंच नाही. त्या दालनात साडीच्या तोडीचं दुसरं काही नसतं. ब्लॅक अँड व्हाइट रात्रीला संक्रांतीची चंद्रकळा काढा, रेड अँड गोल्डला शालू. मास्करेडला डोळ्यांपुरता अर्धा मुखवटा न्या आणि नथ केबिनमध्येच ठेवा. दोन्ही एकमेकांत अडकतात. साडी जहाजावर नेसण्याच्या मात्र काही खुब्या आहेत. डेकवर उघडणाऱ्या दारांना पाणी आत येऊ नये म्हणून उंच उंबरा असतो, काही ठिकाणी पाऊल चांगलं उचलावं लागतं. निऱ्या जमिनीला टेकतील अशा नेसलात तर पहिल्याच उंबऱ्यावर पाय अडकेल. घालायची ती सँडल पायात चढवूनच नेसा आणि नेहमीपेक्षा बोटभर वर ठेवा. जहाज 20 नॉटने, म्हणजे ताशी 37 किलोमीटरने चाललेलं असतं. हवा पडलेली असली तरी उघड्या डेकवर तेवढा वारा समोरून येतोच, म्हणून पदर खांद्याला एक आणि निऱ्यांना एक अशा दोन पिना हव्यातच. आत एसी कडक असतो, शाल जवळ असू द्या. समुद्र खवळलेला असेल तर टाचांचे सँडल विसरा.

पैठणी न्यायची की नाही, हेही विचारलं जातं. एक रात्र असेल तर न्या. जरीची बाजू आत राहील अशी घडी घाला, मध्ये मलमल ठेवा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. केबिनमध्ये गेल्या गेल्या बाहेर काढून घडी मोडा, कारण जरीची चुणी एकाच रेषेवर दाबली गेली की तिथे ती तुटते. चार वेळा नेसायचं असेल तर जॉर्जेट किंवा क्रेप शहाणपणाचं; हँगरला टांगलं की तासा-दोन तासांत सरळ होतं.

इस्त्री नेऊ नका. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यात मोठी, म्हणून इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, मेणबत्ती या वस्तू बॅग तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. क्युनार्ड आणि कार्निव्हलच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्री रूम असते, तिथे इस्त्रीचं टेबल मिळतं. पण गालाच्या दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, सकाळी उरकून घ्या. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही, कपडे आत द्यावे लागतात आणि दर नगावर असतो. द्यायचेच असतील तर पहिल्याच दिवशी द्या. जरीची साडी त्यांच्या वाफेच्या प्रेसला देऊ नये असं मी म्हणेन. बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून कपडे टांगायची युक्ती सुताच्या शर्टाला जेमतेम उपयोगी पडते. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, त्यामुळे चार चुंबकी हूक नेलेत तर सूट आणि साडी कपाटात न कोंबता भिंतीवर मोकळी टांगता येते. पंचवीस-तीस ग्रॅमचे हूक, पण त्यांच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही.

जेवणाबद्दल थोडं. फॉर्मल रात्रीचं मेन्यूकार्ड मांसाहारी लोकांसाठी सजवलेलं असतं; अनेक कंपन्यांवर लॉब्स्टर याच रात्री येतो. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि आदल्या रात्री हेड वेटरला उद्यासाठी पुन्हा सांगा, म्हणजे भाजी-डाळ वेगळी करून ठेवतात. ऐन वेळी सांगितलंत तर पास्ता समोर येतो. वाढणारा गोव्याचा किंवा मुंबईचा निघण्याची शक्यता चांगली आहे. पी अँड ओ या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर वाढणारे स्टुअर्ड कित्येक वर्षं गोव्याचेच असत आणि दोन बोटींच्या मधले दिवस मुंबईत धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोव्यातल्या गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत, काढत. आपल्या बोलीत दोन शब्द बोललात की लोणच्याची वाटी न मागता येते.

आणि शेवटच्या रात्रीचं. सूट, शालू, बूट सगळं आवरून बॅग दाराबाहेर ठेवताना सकाळी घालायचे कपडे आणि पासपोर्ट आतच राहिलेत ना, हे दोनदा बघा. बॅग गेली की ती थेट बंदरावरच भेटते. सगळे शर्ट-पँट भरून टाकल्यामुळे पायजम्यावर इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिलेले पुरुष बंदरावर अधूनमधून दिसतात, आणि तिथे ड्रेस कोड नसतो म्हणून त्यांचं निभावतं.