चाळीस प्रश्न आणि गुरुवारचे दोन तास

माझा लेक नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पलंगाखाली शिरतो. शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात मात्र गाढ झोपतो. गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री आम्ही सोलापुरात थांबतच नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला घेतलं. ऑनलाइन अर्ज भरून झाला, पण तपासणीला दोन खेपा वाया गेल्या. पहिल्यांदा डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्यांदा रांगेत बसून बसून लेकाने भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. "पोराला वळण लावलं नाही का?" मागून कुणीतरी म्हणालं. मी त्याला उचलून घरी आणलं.

तिसऱ्या खेपेला सासूबाई सोबत आल्या. त्यांच्या पिशवीत जुन्या चादरीचा तुकडा होता. त्याची कड बोटांत चोळत बसला की तो शांत राहतो.

तपासणीत चाळीस प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजर देतो का? इतर मुलांत मिसळतो का? गुण जितके जास्त, तितकी स्वमग्नता जास्त. तो काय करत नाही हे त्याच्यासमोरच, एकेक करून सांगायचं. निम्म्यावर माझा आवाजच बसला. पुढची उत्तरं सासूबाईंनी दिली. एकेकाळी त्याला दृष्ट लागलीय म्हणणाऱ्या, सिद्धेश्वराला नवस बोलणाऱ्या त्या. "पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडं नेतो, साहेब," म्हणाल्या. हे त्यांनी कधी टिपून ठेवलं, मला माहीतही नव्हतं.

कार्ड मिळालं. त्यावर निरामय योजनेचा अर्जही केला. वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. ज्यांनी केला नसेल त्यांनी जरूर करावा.

पण मी त्या आठवड्यात अंथरूणच धरलं. सगळे म्हणत, "तू फार खंबीर आहेस." ते ऐकून मला रडू यायचं. सासूबाईंनी नणंदेला फोन लावला, "गुरुवारी चार ते सहा तू येत जा." आपल्यासारख्या आयांनी हे तोंड उघडून मागायला हवं. मला नऊ वर्षं मागता आलं नाही.

पहिल्या गुरुवारी कंबर तलावाच्या काठी बसून मी तीनदा घरी फोन केला. आता बहुतेक वेळा आतल्या खोलीत झोपते.

गेल्या गुरुवारी उठून बाहेर आले, तर आत्या-भाचा चादरीची घडी घालत होते. कडेला कड जुळेपर्यंत तो तिला सोडत नव्हता.