आत्याबाईंचा अर्ज

बीड जिल्ह्यात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी म्हणून काम करताना माझ्यासमोर बहुतेक वेळा नवऱ्याने मारलेली बायको आणि सोबत तिची आई बसलेली असते. त्या दिवशी एक सून सासूला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीचं मनगट सुजून टम्म झालं होतं. निराधारचा पगार दिला नाही म्हणून पोटच्या लेकाने हात पिरगळला होता.

सांगत होती सून. म्हातारी एवढंच म्हणाली, "मॅडम, ह्यो कायदा सुनांचा हाय ना? म्या तर सासू हाय. अन् लेकराला जेलात नका घालू, माय."

हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, तरी आईला, बहिणीला, विधवा भावजयीला तो आपला वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जेलच्या धास्तीने तर कितीतरी जणी दारातूनच परत फिरतात. मी म्हणाले, "आजी, नुसत्या ह्या अर्जावर अटक होत नाही. आधी कोर्ट त्याला बजावतं, मारायचं नाही, त्रास द्यायचा नाही. तो हुकूम मोडला तरच गुन्हा. मग वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही."

"पर घर त्याच्या नावावर हाय."

"असू द्या. कलम 17 प्रमाणे तुम्हाला तिथं राहायचा हक्क आहे. तो तुम्हाला असं बाहेर काढू शकत नाही."

सरकारी दवाखान्यासाठी पत्र दिलं आणि घटना अहवाल लिहायला घेतला. घरात आणखी कुणावर हात टाकतो का, असं विचारल्यावर सून खाली बघायला लागली. म्हातारीने दुखऱ्या हातानेच तिचा पदर बाजूला केला. खांद्यावर काळानिळा वळ.

"हिचं बी लिहा. ही सांगायची न्हाई."

"आधी आत्याबाईंचं होऊ द्या," सून पुटपुटली.

पोटच्या लेकाविरुद्ध सुनेची साक्षीदार होणारी सासू मी पहिल्यांदाच पाहत होते. सुनेचा अहवालही तेव्हाच लिहून घेतला. दोघींचे अर्ज सोबतच न्यायालयात गेले आणि कलम 23 खाली अंतरिम संरक्षण आदेश मिळाला.

नोटीस बजावण्याची जबाबदारी आमचीच, म्हणून मी घरी गेले. "आईला कुणी शिकवलं हे?" लेकाने विचारलं.

सून काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, "म्या सांगितलं लिहायला. दोघींचं बी."