पाटावरचा वाढदिवस

मोठ्या काकूचा 75वा वाढदिवस पंगतीत करायचा, हे मी परस्पर ठरवून टाकलं आणि दुपारभर फोन घेऊन बसलो. मांडी घालून जेवता येईल असं हॉटेल हवं होतं, एवढंच. पहिल्या ठिकाणी ‘लो सिटिंग आहे ना सर’ असं उत्साहात सांगितलं. खोदून विचारल्यावर गच्चीवरचा लोड-तक्क्यांचा कोपरा निघाला. दुसरीकडे पाट होते, पण भिंतीवर, शोभेला. तिसऱ्याने काळजीच्या सुरात विचारलं, ‘सीनियर सिटिझन आहेत का? मग खुर्च्याच घ्या.’

तसा तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. 51 ते 80 वयाच्या दोन हजार लोकांना त्यांनी नुसतं जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला की एक कमी, गुडघा टेकला की आणखी एक. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. काकू अजून भाजी निवडायला खालीच बसते, ती सहज पास होईल. तिच्या चाळिशीतल्या पुतण्यांचं, म्हणजे आमचं, काही सांगता येत नाही. जपानी लोकांनी नामी युक्ती काढली आहे. बैठ्या टेबलाखाली खड्डाच ठेवतात. पाय आत सोडायचे, आणि वरून आपण जमिनीवरच बसलेलो!

मला मात्र पाटच हवे होते. लहानपणी घरच्या पंगतीत मीठ वाढायचं काम आम्हा पोरांकडे असे. पानाच्या डावीकडे, वरच्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर. रांगोळीवर पाय पडू न देता दोन रांगांमधून वाकत वाकत पुढे सरकायचं. एरवी ज्यांच्या कमरेचा पट्टाच आमच्या नजरेसमोर असे, त्या माणसांपेक्षा तेवढ्या वेळापुरते आम्ही उंच असायचो. घरभर ज्यांचा धाक, त्या काकांचं टक्कल वरून दिसे. शेजारच्या आजोबांच्या मानेवर एक केसाळ तीळ होता. तो पाहिल्यापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

जिलेबी आली की पानांवर हात आडवे पडत. मुरलेला वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी नेमकी पानात सोडत असे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला असा आग्रह करताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी शहराबाहेर एक ठिकाण सापडलं. खरेखुरे पाट, केळीची पानं, शिवाय ‘फोटोसाठी फेटे फ्री’. फेट्यांचं नंतर बघू म्हटलं आणि काकूकडे गेलो. ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

“पंगत? आणि वाढणार कोण?”

“अगं, त्यांची माणसं असतात.”

“मग मी कुठे असणार?”

“कुठे म्हणजे? पहिल्या पाटावर. वाढदिवस तुझा आहे.”

दोन-चार शेंगा सोलून होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “या घरात आल्यापासून पहिल्या पंगतीत मी कधी बसलेच नाही रे. आधी पुरुष आणि तुम्ही पोरं, मग आल्यागेल्या बायका. आम्ही सुना शेवटी. तोवर वरण गार झालेलं आणि परातीत जिलेबीचा चुरा.”

तक्रारीचा सूर नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मी मीठ घेऊन फिरायचो तेव्हा काकू कुठे असायची, ते आठवून पाहिलं. टक्कल आठवलं, तीळ आठवला.

“वाढायला पुरुष असतील ना?” तिने विचारलं.

“असतील.”

“मग कर नक्की.”